इंग्रजीचे बारा काळ आणि बोलणाऱ्याची जागा

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘टेन्स’ म्हटले की बारा चौकटींचा एक तक्ता उभा राहतो. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ आडव्या ओळींत आणि साधा, चालू, पूर्ण व चालू-पूर्ण हे चार प्रकार उभ्या रकान्यांत मांडले की तीन चोक बारा रूपे तयार होतात, आणि ती घोकून झाली की काळाचे प्रकरण संपले असे मानले जाते. हा तक्ता चुकीचा नाही; शाळेच्या फळ्यापासून स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडत आला आहे. मात्र रूप कसे बनवायचे एवढेच तो सांगतो. ते केव्हा वापरायचे याबद्दल तो गप्प असतो, आणि प्रत्यक्ष बोलताना किंवा लिहिताना गाडी अडते ती नेमकी या दुसऱ्या प्रश्नापाशी. घटना कधी घडली एवढ्यावरून इंग्रजीतला काळ ठरत नसून, बोलणारा कोणत्या क्षणावर उभा राहून त्या घटनेकडे पाहतो यावर तो अवलंबून असतो. मराठीतही अशी सोय आहे, पण तिच्या सीमारेषा थोड्या वेगळ्या ठिकाणी आखलेल्या आहेत, आणि मराठी भाषकांच्या इंग्रजीत काळाच्या ज्या चुका वारंवार दिसतात त्यांपैकी बहुतेक या सीमारेषांवरच होतात.

पाच रूपांवर उभा असलेला तक्ता

प्रथम रूपांचा हिशेब पाहणे सोयीचे ठरेल. लिहिणे या अर्थाचे ‘राइट’ हे क्रियापद घेतले, तर त्याची सारी संपत्ती पाच रूपांत मावते: ‘राइट’ हे मूळ रूप, तृतीयपुरुषी एकवचनाचे ‘राइट्स’, भूतकाळाचे ‘रोट’, ‘रायटिंग’ हे चालू क्रियेचे धातुसाधित आणि ‘रिटन’ हे पूर्ण झालेल्या क्रियेचे धातुसाधित. धातुसाधित म्हणजे धातूपासून बनलेला, पण एकट्याने वाक्य पुरे करू न शकणारा शब्द. मराठीतल्या ‘लिहिणे’ या क्रियापदाशी तुलना केली तर ही संपत्ती फारच तुटपुंजी वाटते. तो लिहितो, ती लिहिते, तू लिहितोस, ते लिहितात अशी लिंग, वचन आणि पुरुष यांनुसार मराठी क्रियापदाची रूपे बदलतात; भूतकाळात तर ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, म्हणून ‘तिने निबंध लिहिला’, ‘तिने चिठ्ठी लिहिली’ आणि ‘तिने पत्र लिहिले’ असे तीन वेगळे आकार दिसतात. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘रोट’ एवढेच पुरते. बहुतेक नियमित क्रियापदांना पाचदेखील नसून चारच रूपे असतात, कारण त्यांचे भूतकाळाचे रूप आणि पूर्ण धातुसाधित एकच असते. ‘पुट’सारख्या क्रियापदाचे तर ‘पुट’, ‘पुट्स’ आणि ‘पुटिंग’ या तिघांवर भागते. याला एकच मोठा अपवाद ‘बी’ म्हणजे असणे या क्रियापदाचा असून, बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग आणि बीन अशी त्याची आठ रूपे आहेत.

प्रत्ययांच्या या टंचाईची भरपाई इंग्रजी साहाय्यक क्रियापदांनी करते. ‘विल’, ‘हॅव’ आणि ‘बी’ ही तीन साहाय्यक क्रियापदे ठरलेल्या क्रमाने मुख्य क्रियापदाच्या आधी येतात आणि प्रत्येक जण आपल्यामागून येणाऱ्या शब्दाकडे विशिष्ट रूपाची मागणी करतो. ‘विल’नंतर मूळ रूप यावे लागते, ‘हॅव’नंतर पूर्ण धातुसाधित आणि ‘बी’नंतर ‘इंग’ लागलेले रूप. म्हणून ‘ही विल राइट’, ‘ही हॅज रिटन’ आणि ‘ही इज रायटिंग’. दोन किंवा तीन साहाय्यक क्रियापदे एकत्र आली तरी साखळी तशीच चालते: ‘ही हॅज बीन रायटिंग’ यात ‘हॅज’ने ‘बी’कडून ‘बीन’ हे रूप घेतले आणि ‘बीन’ने ‘राइट’कडून ‘रायटिंग’, ‘ही विल हॅव बीन रायटिंग’ यात तिन्ही मागण्या एकापाठोपाठ पुऱ्या झाल्या. काळाची खूण मात्र साखळीतला पहिला शब्दच वाहतो, म्हणून ‘हॅज’चे ‘हॅड’ आणि ‘इज’चे ‘वॉज’ केले की सारे वाक्य भूतकाळात जाते आणि पुढच्या शब्दांना हात लावावा लागत नाही. हे तीन नियम एकदा उमगले की बारा चौकटी पाठ करण्याची गरज उरत नाही, कारण त्या हव्या तेव्हा बनवता येतात.

नकार आणि प्रश्न यांचे नियमही याच पहिल्या शब्दाभोवती फिरतात. ‘ही इज रायटिंग’ याचा प्रश्न करताना ‘इज’ पुढे येतो आणि नकार करताना ‘नॉट’ त्यालाच चिकटतो. साध्या वर्तमानात व साध्या भूतकाळात असा साहाय्यक शब्द नसतो, तेव्हा इंग्रजी ‘डू’ या क्रियापदाला केवळ जागा भरण्यासाठी उभे करते आणि काळाची खूण त्याच्याकडे सोपवते. ‘ही रोट’ याचा प्रश्न ‘डिड ही राइट?’ असा होतो, कारण भूतकाळ ‘डिड’ने उचललेला असल्यामुळे मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपाकडे परतते. ‘डिड ही रोट?’ या नेहमी ऐकू येणाऱ्या वाक्यात एकाच भूतकाळाची खूण दोनदा लावली गेलेली असते.

अनियमितपणाचे वय

नियमित क्रियापदांचा भूतकाळ लिहिताना ‘ईडी’ ही दोन अक्षरे जोडली जातात, पण त्यांचा उच्चार तीन प्रकारांनी होतो. ‘वॉक’सारख्या अघोष ध्वनीने संपणाऱ्या क्रियापदाला ट लागून ‘वॉक्ट’ होते, ‘प्ले’सारख्या घोष ध्वनीने संपणाऱ्याला ड लागून ‘प्लेड’ होते, आणि ट किंवा ड या ध्वनींनीच संपणाऱ्या ‘वाँट’सारख्या क्रियापदाला पूर्ण अवयव लागून ‘वाँटिड’ होते. लिपीतले एकच चिन्ह पाहून ‘वॉकेड’, ‘लुकेड’ असे उच्चार करण्याची मराठी वाचकाची सवय येथूनच येते.

अनियमित क्रियापदे मात्र लहरी वाटली तरी त्यांचा अनियमितपणा हा बहुधा जुन्या नियमांचा अवशेष आहे. सिंग, सँग, संग किंवा राइट, रोट, रिटन यांत प्रत्यय न लागता आतला स्वरच बदलतो. अशा क्रियापदांना जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘सबल’ असे नाव दिले आणि प्रत्ययावर अवलंबून राहणाऱ्यांना ‘दुर्बल’ म्हटले. हा स्वरबदल इंग्रजीने स्वतः घडवलेला नसून तो इंडो-युरोपीय मूळ भाषेकडून आलेला वारसा आहे, आणि संस्कृत व्याकरणातील गुण-वृद्धी ही त्याच वारशाची दुसरी शाखा होय. मराठीत तुटणे व तोडणे, सुटणे व सोडणे, मरणे व मारणे या जोड्यांमध्ये तो आजही नांदतो. फरक एवढाच की मराठीत त्यामुळे अकर्मक क्रिया सकर्मक बनते, तर इंग्रजीत वर्तमान भूत बनते.

‘गो’ या क्रियापदाचा भूतकाळ ‘वेंट’ कसा झाला, हा प्रश्नही याच अंगाने सुटतो. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वळणे, मार्गस्थ होणे अशा अर्थाच्या वेगळ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप होते. ‘गो’चे स्वतःचे जुने भूतकाळी रूप मागे पडत गेले आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याची जागा या परक्या रूपाने घेतली. मराठी वाचकाला याचे नवल वाटायचे कारण नाही, कारण ‘जाणे’ आणि ‘गेला’ यांचीही गोष्ट तीच आहे: ‘जा’ हा संस्कृत ‘या’ या धातूपासून आला आणि ‘गेला’ हा ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. दोन धातूंच्या तुकड्यांतून एक क्रियापद उभे राहण्याचा हा प्रकार अनेक भाषांत दिसतो आणि तो अतिवापरातल्या क्रियापदांतच आढळतो.

अनियमितपणा व वापर यांचा हा संबंध २००७ साली ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आकड्यांत मांडला. एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला, तेव्हा त्यांपैकी ९८ आजही अनियमित असल्याचे दिसले, आणि जे क्रियापद शंभरपट कमी वापरले जाते ते दहापट वेगाने नियमित होते असे प्रमाण त्यांना आढळले. इंग्रजीतली सर्वाधिक वापराची बी, हॅव, डू, से, गो ही क्रियापदे अनियमित राहिली ती यामुळेच, कारण रोज शेकडो वेळा कानावर पडणारे रूप विसरले जात नाही. उलट क्वचित लागणारे रूप आठवले नाही की बोलणारा नेहमीचा प्रत्यय जोडून मोकळा होतो. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता आणि तो असाच ‘हेल्प्ट’ झाला. मराठी लहान मूल ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणते तेव्हा तेही हेच करत असते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने यातला व्यावहारिक बोध असा, की अनियमित रूपांची लांबलचक यादी वर्णानुक्रमाने घोकण्यापेक्षा वापराच्या क्रमाने शिकावी, म्हणजे पहिल्या काही डझन क्रियापदांतच रोजच्या बोलण्याचा मोठा भाग हाती येतो.

तीन क्षणांचा हिशेब

रूपे बनवता आली तरी निवड उरतेच. या निवडीचा सर्वांत नेटका खुलासा हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात केला. त्याच्या मते प्रत्येक काळात तीन क्षण गुंतलेले असतात: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि ज्या ठिकाणाहून घटनेकडे पाहिले जाते तो संदर्भाचा क्षण. ‘आय लॉस्ट माय की’ या साध्या भूतकाळात घटना आणि संदर्भ दोन्ही मागे आहेत. किल्ली तेव्हा हरवली, पुढे ती सापडली असेल वा नसेल. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ या पूर्ण वर्तमानात घटना मागे असली तरी संदर्भ आताचा आहे. किल्ली अजून हरवलेलीच आहे आणि बोलणारा बंद दारापुढे उभा आहे. ‘आय हॅड लॉस्ट माय की’ या पूर्ण भूतकाळात संदर्भाचा क्षणच भूतकाळात जातो आणि घटना त्याच्याही मागे सरकते.

पूर्ण वर्तमानाची ही आताशी बांधिलकी त्याच्या जन्मापासूनची आहे. ‘हॅव’चा मूळ अर्थ जवळ असणे हा असून, जुन्या इंग्रजीत ही रचना ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे’ अशा धर्तीची होती. हळूहळू जवळ असण्याचा अर्थ विरला आणि ‘मी लिहिले आहे’ हा अर्थ शिल्लक राहिला, पण पूर्ण झालेल्या गोष्टीचे आज काहीतरी हाताशी आहे ही छटा टिकून राहिली. म्हणूनच या काळाला ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘१९९० साली’ असे निश्चित, मिटलेले कालखंड चालत नाहीत; ‘आज’, ‘या आठवड्यात’, ‘आतापर्यंत’ असे अजून उघडे असलेले कालखंड चालतात.

मराठीतील ‘आहे’ जोडून होणारा पूर्ण वर्तमान वरवर पाहता याचा जुळा भाऊ वाटतो, आणि फसगत होते ती तिथेच. ‘त्यांनी कालच अर्ज दिला आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे, कारण मराठीतल्या ‘आहे’ला ‘काल’चे वावडे नाही, इंग्रजीत मात्र ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅज गिव्हन’ला निघून जावे लागते आणि ‘गेव्ह’ आणावे लागते. ‘पु. ल. देशपांडे यांनी अनेक नाटके लिहिली आहेत’ या वाक्यातही मराठी कानाला काही खटकत नाही, कारण नाटके आज उपलब्ध आहेत, पण ‘पु. ल. देशपांडे हॅज रिटन मेनी प्लेज’ असे वाक्य इंग्रजी वाचकाला लेखक हयात असून आणखी नाटके लिहू शकतो असे सुचवते, म्हणून २००० साली निवर्तलेल्या लेखकाबद्दल तेथे ‘रोट’च हवे. उलट दिशेनेही घोटाळा होतो. ‘अरे, किल्ली हरवली!’ या मराठी वाक्यात साधा भूतकाळ आहे, पण अर्थ आताचा असल्याने ब्रिटिश इंग्रजी तेथे ‘हॅव लॉस्ट’ पसंत करते, ‘जेवलात का?’ या प्रश्नालाही ते ‘हॅव यू ईटन?’ असे विचारते. अमेरिकी इंग्रजी या बाबतीत सैल असून ‘डिड यू ईट?’ हे तेथे सहज चालते.

दुसरी अवघड जागा म्हणजे भूतकाळात सुरू होऊन अजून चाललेली क्रिया. मराठी अशा वेळी वर्तमानकाळ वापरते: ‘मी २०१० पासून ठाण्यात राहतो.’ राहणे आज चालू आहे, मग वर्तमानच हवा, हा विचार तर्काला धरूनच आहे, आणि त्यातूनच ‘आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स ट्वेंटी टेन’ असे वाक्य तयार होते. इंग्रजी मात्र मागची सुरुवात आणि आजचा क्षण या दोन्ही टोकांना जोडणारे रूप मागते, म्हणून तेथे ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ येते. ‘पासून’ हा शब्द वाक्यात आला की वर्तमानाऐवजी पूर्ण वर्तमान घ्यावा, एवढी एक खूणगाठ बांधली तरी चुकांचा मोठा वर्ग नाहीसा होतो. मराठीतले ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०१० पासून’ हे दोन्ही ‘पासून’ इंग्रजीत वेगळे होतात: सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’, तर कालावधीला ‘फॉर’.

तिसरी जागा पूर्ण भूतकाळाची. ‘काल मी नाशिकला गेलो होतो’ असे मराठी माणूस अगदी सहज म्हणतो, कारण मराठीत ‘गेलो होतो’ या रूपातून जाणे झाले, परतणेही झाले आणि तो विषय आता मिटला, असे सुचवले जाते. त्याचेच ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू नाशिक’ असे रूपांतर केले तर इंग्रजी ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो, कारण ‘हॅड गॉन’ने त्याला दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेचे आश्वासन दिलेले असते, तेथे ‘वेंट’ पुरेसे आहे. ‘आम्ही स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ या वाक्यात मात्र दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात, कारण येथे पोहोचणे हा भूतकाळातला संदर्भ असून सुटणे त्याच्याही आधीचे आहे. हाच विचार ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांतील फरकालाही लागू पडतो. ‘ही हॅज गॉन टू लंडन’ म्हणजे तो लंडनला गेला आहे, अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू लंडन’ म्हणजे तो लंडनला जाऊन आला आहे. इंग्रजी ज्यासाठी क्रियापद बदलते त्यासाठी मराठीजवळ ‘जाऊन येणे’ ही तयार जोडी आहे.

चालू क्रिया आणि टिकून असलेली अवस्था

‘बी’ आणि ‘इंग’ यांनी बनणाऱ्या चालू काळाचे काम क्रियेला मधेच गाठून दाखवणे हे असते. तिची सुरुवात व शेवट दोन्ही नजरेबाहेर राहतात. त्यातूनच तात्पुरतेपणाची छटा येते: ‘आय लिव्ह इन पुणे’ म्हणणाऱ्याचे बिऱ्हाड पुण्यात आहे, तर ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे’ म्हणणारा सध्या तेथे राहतो आहे, पुढचे सांगता येत नाही. साधा वर्तमान याउलट नावाप्रमाणे वर्तमानापुरता कधीच नसतो. सवय, स्थायी वस्तुस्थिती, निसर्गनियम, रेल्वेचे वेळापत्रक, बातमीचा मथळा आणि क्रिकेटचे धावते समालोचन या सगळ्यांचा भार तो वाहतो, आणि या क्षणी डोळ्यांसमोर काय चालले आहे हे सांगण्याची पाळी आली की बहुधा चालू काळाकडे बोट दाखवतो.

चालू काळाची अडचण येते ती अवस्थादर्शक क्रियापदांत. जाणणे, समजणे, आठवणे, मालकी असणे, आवडणे ही कृती नसून अवस्था आहेत, आणि अवस्थेला मध्य नसतो, म्हणून इंग्रजी त्यांना सहसा ‘इंग’ लावत नाही. मराठीला हा निर्बंध नाही. ‘मला आठवतंय’, ‘मला समजतंय’, ‘मला दिसतंय’ ही रोजच्या बोलण्यातली वाक्ये आहेत, आणि त्यांच्याच वळणावर ‘आय ॲम रिमेंबरिंग’, ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ अशी वाक्ये जातात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे त्यातले सर्वपरिचित उदाहरण; ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर आहे, कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ जवळ असणे हा नसून खाणे हा आहे, आणि खाणे ही कृती होय. भारतीय इंग्रजीच्या या लकबीची साहित्यातही नोंद झालेली आहे. मुंबईच्या बेने इस्रायली कुटुंबात जन्मलेले कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांनी भारतीय बोलीतल्या इंग्रजीत रचलेल्या आपल्या विनोदी कवितांमध्ये चालू वर्तमानाचा हा सढळ वापर मिस्कीलपणे टिपला आहे.

भूतकाळातील सवय सांगतानाही असाच पेच पडतो. ‘शाळेत असताना मी रोज पोहायला जात होतो’ यातल्या ‘जात होतो’चे ‘वॉज गोइंग’ होत नाही, कारण ‘वॉज गोइंग’ने एका विशिष्ट क्षणी वाटेत असलेला माणूस दाखवला जातो. ‘जायचो’ किंवा ‘जात असे’ या मराठी रीती भूतकाळाला, म्हणजे पूर्वीची सवय सांगणाऱ्या काळाला, इंग्रजीत ‘यूज्ड टू गो’ किंवा साधे ‘वेंट’ हे उत्तर आहे.

भविष्यकाळ नावाचा पाहुणा

तक्त्यातली तिसरी ओळ भविष्याची असली तरी, काटेकोरपणे पाहिल्यास इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्ययच नाही. मराठीत ‘जाईन’, ‘जाशील’, ‘जाईल’ अशी धातूला लागणारी रूपे आहेत; इंग्रजीत वर्तमान आणि भूत एवढीच दोन प्रत्ययसिद्ध रूपे आहेत, आणि ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारापासून अलीकडच्या अनेक अभ्यासकांपर्यंत ‘इंग्रजीला भविष्यकाळ नाही’ असेच सांगितले गेले आहे. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे आणि ‘शॅल’चा देणे लागणे, इच्छा व बांधिलकी सांगणारी ही क्रियापदे पुढे भविष्य सांगू लागली. प्रथम पुरुषाला ‘शॅल’ आणि इतरांना ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला आणि तो शाळांतून दीर्घकाळ घटवला गेला, पण आजच्या इंग्रजीत ‘शॅल’ मुख्यतः ‘शॅल वी गो?’ अशा सूचनावजा प्रश्नांत आणि कायद्याच्या भाषेत उरला आहे.

भविष्य सांगण्याचे इंग्रजीत निदान चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. आधीच ठरलेला बेत ‘गोइंग टू’ने सांगितला जातो आणि मराठीतले ‘जाणार आहे’ त्याच्याशी तंतोतंत जुळते. दुसऱ्या माणसाशी वेळ ठरली असेल तर चालू वर्तमान येतो, जसे ‘आय ॲम मीटिंग द डॉक्टर टुमॉरो’. मराठीतही ‘उद्या डॉक्टरांना भेटतोय’ असेच म्हणतात. वेळापत्रकाला साधा वर्तमान लागतो. बोलता बोलता त्याच क्षणी घेतलेल्या निर्णयाला मात्र ‘विल’ हवे, आणि येथे मराठी वेगळी वाट धरते: दारावरची घंटा वाजली की मराठी माणूस ‘थांबा, मी उघडतो’ असे वर्तमानात म्हणतो, किंवा निघण्यापूर्वीच ‘आलोच’ असे भूतकाळात सांगून मोकळा होतो. ‘आय ओपन द डोअर’ किंवा ‘आय डू इट लेटर’ अशी वाक्ये या ‘उघडतो’, ‘करतो’मधून निघतात, इंग्रजीला तेथे ‘आय विल ओपन’ आणि ‘आय विल डू इट’ अपेक्षित असते.

वेळेपासून सुटलेला काळ

काळाचे रूप आणि घड्याळातली वेळ यांची फारकत सर्वांत स्पष्ट होते ती अटीच्या वाक्यांत. ‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ यात पाऊस अजून यायचा आहे, तरी मराठी ‘आला’ हे भूतकाळाचे रूप वापरते. त्याच जागी इंग्रजी ‘इफ इट रेन्स’ असा साधा वर्तमान घेते. ‘इफ इट विल रेन’ हे दोन्ही भाषांच्या रीतीबाहेरचे वाक्य केवळ ‘भविष्य आहे, म्हणून विल हवा’ या हिशेबातून जन्मते. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ याचेही इंग्रजीत ‘व्हेन ही कम्स’ होते; ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अंटिल’, ‘बिफोर’ यांनी सुरू होणाऱ्या कालदर्शक व अटीच्या उपवाक्यांत ‘विल’ सहसा शिरत नाही.

इंग्रजी भूतकाळाचे आणखी एक काम वास्तवापासून अंतर दाखवण्याचे आहे. ‘इफ आय हॅड मनी’ यातले ‘हॅड’ कालचे नसून आजचे आहे, पण पैसे नाहीत. मराठी हेच ‘पैसे असते तर’ अशा स्वतंत्र रूपाने सांगते. अंतराची हीच कल्पना सौजन्यालाही उपयोगी पडते. ‘आय वाँटेड टू आस्क यू समथिंग’ म्हणणाऱ्याला विचारायचे आत्ताच असते, तरी भूतकाळ वापरून तो मागणीची धार कमी करतो. मराठीत ‘मला जरा विचारायचे होते’ म्हणणाराही तेच साधतो, आणि या ठिकाणी मराठी भाषकाला इंग्रजी शिकवावी लागत नाही.

कोणत्या चौकटी आधी

बाराही चौकटींना सारखे महत्त्व देणे हा अध्यापनातला सोयीचा संकेत असला, तरी वापरात त्या सारख्या नाहीत. लेखी व बोली इंग्रजीच्या प्रचंड संग्रहावर आधारलेल्या लाँगमन प्रकाशनाच्या १९९९ मधील बृहद् व्याकरणात साधा वर्तमान व साधा भूतकाळ यांचे वर्चस्व निर्विवाद दिसते. चालू व पूर्ण रूपे त्यांच्या मानाने थोडी आहेत, आणि ‘विल हॅव बीन रायटिंग’सारखी रूपे तर विरळाच. तेव्हा शेवटच्या चौकटीच्या पाठांतरात वेळ घालवण्यापेक्षा, जेथे मराठीची रेघ इंग्रजीच्या रेघेशी जुळत नाही अशा मोजक्या जागा ओळखून ठेवणे अधिक फलदायी ठरते: ‘काल’बरोबरचा ‘आहे’, ‘पासून’बरोबरचा वर्तमान, एकट्याने आलेला ‘होतो’, ‘आठवतंय’सारखी अवस्था, तत्काळ निर्णयाचा ‘करतो’ आणि ‘तर’च्या आधीचा भूतकाळ.

तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर वाढलेल्या पिढ्यांनी वाक्यास वाक्य जोडून इंग्रजी आत्मसात केली, आणि ती पद्धत आजही टाकाऊ नाही, मात्र भाषांतर करताना मराठी रूपाला इंग्रजी रूप शोधण्याआधी वाक्य ज्या प्रसंगी बोलले जाते तो प्रसंग शोधला पाहिजे. ही गोष्ट मिटलेल्या काळातली आहे की आजपर्यंत पोहोचलेली, ती कृती आहे की अवस्था, आणि ती वास्तव आहे की कल्पिलेली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बारापैकी अकरा चौकटी बहुधा आपोआप गळून पडतात, आणि उरते ते रूप बनवण्यासाठी ‘विल’, ‘हॅव’ आणि ‘बी’ यांच्या तीन मागण्या पुरतात.